कोपऱ्यातल्या पाव्याला हक्काची खुंटी

दरवेळी मी तुमच्याशी खतांविषयी, किडींविषयी, बी-बियाण्यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. आज बोलायचं आहे ते तुमच्या घरातल्या पाव्याविषयी, बासरीविषयी. “साहेब, हे काय नवीनच?” असं म्हणाल. पण आधी ऐकून तर घ्या.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एखादी बासरी असते. कुणी जत्रेत घेतलेली असते, कुणाच्या आज्याची असते, कुणाचा मुलगा शाळेत शिकत असतो. तुमच्या घरी ती आत्ता कुठे आहे, जरा आठवून पाहा. दाराआड उभी आहे? आढ्याला खोचलेली आहे? कोनाड्यात देवाच्या तेलवातीशेजारी पडली आहे? की चुलीच्या वरच्या फळीवर? विळ्याला आपण खुंटी देतो, कासऱ्याला खुंटी देतो, छत्रीलाही देतो. बासरीला मात्र हक्काची जागा नसते. ती जिथे टेकेल तिथे राहते आणि एक दिवस मोडते.

आमच्या घरी असंच झालं. साल १९८१. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. अण्णांची एक बासरी होती. ज्वारी हुरड्यात आली की ते रात्री माळ्यावर राखणीला जात आणि तिथे ती वाजवत. आम्ही भावंडं घरात अंथरुणावर पडून ऐकायचो. अण्णा जागे आहेत, म्हणजे रान राखलं जातंय, एवढं त्या आवाजावरून आईला कळायचं. एकदा ते बाजाराला गेले असताना मी ती चोरून काढली, फुंकून पाहिली आणि घाईघाईने कणगीशेजारच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली. रात्री मांजर उंदरामागे धावलं. बासरी घसरली आणि जात्याच्या पाळीवर आपटली. सकाळी पाहतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर.

अण्णा रागावले नाहीत. “असू दे रं पोरा, कळकच तो,” एवढंच म्हणाले. त्यांनी दोरा गुंडाळला, मेण भरलं, पण तो सूर काही परत आला नाही. दुसरी बासरी त्यांनी घेतली नाही. राखणीच्या रात्री पुढे कितीतरी वर्षं होत्या, पण माळ्यावरून आवाज येत नव्हता. मी पुढे कृषी पदवीधर झालो, नोकरीला लागलो. एवढ्या वर्षांत किती गावं फिरलो, पण त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते. चार इंचाची एक खुंटी असती तर हे झालं नसतं.

मोडते का, ते आधी समजून घ्या

रोगाचं कारण कळल्याशिवाय औषध सांगू नये, हा आमच्या खात्याचा शिरस्ता. तेव्हा बासरी कशाकशाने जाते ते पाहू.

पहिलं कारण पडणं. बांबूचे तंतू उभे असतात, एकमेकांना आडवे बांधणारं त्यात फारसं काही नसतं. म्हणूनच आपण कोयत्याच्या एका घावात कामट्या काढतो. जो गुण टोपली विणणाऱ्याच्या कामी येतो, तोच बासरीच्या जिवावर येतो. टोकावर आपटली की ती उभी चिरते.

दुसरं कारण हवा. पावसाळ्यात बांबू आणि लाकूड ओल पितात आणि फुगतात. उन्हाळ्यात ओल सोडतात आणि आकसतात. हे फुगणं-आकसणं लांबीत जवळजवळ नसतं, आडवं असतं. तोंडाने फुंकलेल्या वाफेने आतली बाजू ओली आणि बाहेर पत्र्याखालची झळ, असं झालं की आतलं फुगतं, बाहेरचं आकसतं आणि मधल्यामध्ये चीर पडते. म्हणून वाजवून झालेली ओली बासरी उन्हात, चुलीजवळ किंवा पत्र्याला लागून ठेवू नये.

तिसरं कारण कीड. बांबूत पिष्ट असतं, म्हणजे एक प्रकारचं पीठच. त्यावर बारीक भुंगेरा येतो. आपल्या साठवणीतल्या धान्याला पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या जातकुळीतलाच हा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिवळसर भुकटी दिसली की ओळखावं.

चौथं कारण ऐकून हसाल. कुंभारमाशी! तिला अंडी घालायला पोकळ नळी लागते. महिनाभर बासरी आडवी पडून राहिली की ती आत मातीचं घर बांधून मोकळी होते. मग आपण ते काढायला लोखंडी सळई घालतो आणि उरलंसुरलं काम आपणच पूर्ण करतो.

या चारही कारणांवर एक उपाय पुष्कळसा पुरा पडतो: बासरी नजरेसमोर, हवेशीर, सावलीत आणि पडणार नाही अशी ठेवणं. त्यासाठी स्टँड हवा. तो बाजारातून आणायची गरज नाही. आपल्या गोठ्यामागे पडलेल्या लाकडातून एका दुपारी होतो.

साहित्य घरातच आहे

पायासाठी जड, मुरलेलं लाकूड घ्या. बाभळीचं लाकूड उत्तम, पण ओलं बाभूळ तोडून लगेच वापरू नका. ते वाळताना पिळतं, तडकतं आणि त्यालाही कीड लागते. त्यापेक्षा मोडक्या बैलगाडीचं, जुन्या जुवाचं किंवा नांगराचं लाकूड घ्या. त्याने वीस-तीस पावसाळे पाहिलेले असतात. जे पिळायचं होतं ते पिळून झालेलं असतं. गाडीच्या चाकाचा तुंबा पडलेला असेल तर तो करवतीने आडवा कापून त्याच्या चकतीचा गोल पायाही छान होतो. मात्र मधलं आखाचं भोक सोडून कडेच्या भरीव भागातच खुंट्या बसवा.

खुंट्यांसाठी सरळ रेषेचं, गाठ नसलेलं लाकूड लागतं. गाडीच्या आऱ्याचा तुकडा चालतो. जुवाच्या शिवळा तर या कामासाठीच केल्यासारख्या असतात. बैलाच्या मानेशी घासून घासून गुळगुळीत झालेल्या असतात, फक्त तासून बारीक कराव्या लागतात.

याशिवाय करवत, गिरमिट, पटाशी, कानस, काचपेपर, आठ-दहा स्क्रू, थोडा लाकडाचा डिंक, घोंगडीचा जुना तुकडा आणि अर्धी वाटी जवसाचं तेल, बस्स. गिरमिट नसेल तर सुतारमामांकडून भोकं पाडून आणा. बाकीचं तुम्ही आणि तुमची मुलं मिळून करा.

माप घेण्याची सोपी रीत

खुंटीची जाडी हा या कामाचा जीव आहे. इथे चुकलात तर स्टँडच बासरी मोडेल. कसं ते सांगतो.

बासरीच्या खालच्या उघड्या तोंडात सैल जाईल असं ज्वारीच्या वाळल्या ताटाचं एक कांडं घ्या. हळू आत सारा. पाच इंचांपर्यंत कुठे अडत नाही ना, ते पाहा. बांबूची नळी आतून सगळीकडे सारखी नसते. कुठे पेराचा उंचवटा राहिलेला असतो. जिथे सगळ्यात अरुंद असेल तिथलं माप खरं. त्या मापापेक्षा खुंटी एक सूत बारीक ठेवा. नळी सहा सूत असेल तर खुंटी पाच सूत. लहान पावा चार सूत असेल तर खुंटी तीन सूत.

मे महिन्यात माप घेऊन खुंटी अगदी घट्ट बसवलीत, तर तुम्हाला वाटेल, “वा, काय झकास बसली!” पण जुलैत तीच खुंटी ओल पिऊन फुगेल. दगडाच्या खाणीत लाकडी पाचर ठोकून तिच्यावर पाणी ओततात आणि दगड फोडतात, हे तुम्ही ऐकलं असेल. घट्ट खुंटी म्हणजे बासरीच्या पोटातली तशीच पाचर. तेव्हा खुंटीवर बासरी थोडी डुलली तरी चालेल. घट्ट बसलेली नको.

खुंटी लोखंडाची करू नका. खिळा किंवा सळई गंजते, आत डाग पडतो, कडा खरवडते.

खुंट्यांचा स्टँड: कृती

आता प्रत्यक्ष कृती पाहू. हा स्टँड वीस इंचांपर्यंतच्या चार बासऱ्या-पाव्यांचा आहे.

१. जुवाचे एक-एक फुटाचे दोन तुकडे कापा. रुंदी साधारण चार इंच आणि जाडी दीड इंच राहील असे तासून सपाट करा. दोन्ही शेजारी ठेवले की बारा इंच लांब, आठ इंच रुंद पाया होतो.

२. खालच्या बाजूने दोन्ही टोकांना एकेक आडवी पट्टी ठेवून स्क्रूने जोडा. या पट्ट्या पाया जोडतात आणि पायही होतात. पट्टी पायाच्या पूर्ण रुंदीची ठेवा, आखूड नको. इथे डिंक लावू नका, नुसते स्क्रू पुरे. लाकडाला ऋतूप्रमाणे हलायला थोडी जागा लागते.

३. वरच्या बाजूला खुंट्यांच्या जागा आखा. डाव्या कडेपासून दीड, साडेचार, साडेसात आणि साडेदहा इंचांवर खुणा करा. पहिली आणि तिसरी मागच्या तुकड्याच्या मधोमध, दुसरी आणि चौथी पुढच्या तुकड्याच्या मधोमध. अशी नागमोडी मांडणी केली म्हणजे बासऱ्या एकमेकींना लागत नाहीत आणि भोक सांध्यावर येत नाही.

४. एक इंच खोल भोकं पाडा. गिरमिट सरळ धरलं आहे ना, हे गुण्याने पाहा. गुण्या नसेल तर दोऱ्याला दगड बांधून ओळंबा करा. खुंटी तिरपी झाली की बासरी तिरपी आणि सगळा तोल एका बाजूला.

५. प्रत्येक खुंटी सहा इंच लांब कापा. एक इंच पायात, पाच इंच वर. कानस आणि काचपेपरने गुळगुळीत करा. वरचं टोक बोरासारखं गोल करा. टोकदार टोक बासरीची कड फोडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लहान मूल धडपडलं तर ते डोळ्यात जाऊ शकतं. एकही खुंटी अणकुचीदार राहू देऊ नका.

६. खुंट्या भोकात डिंक लावून बसवा आणि रात्रभर वाळू द्या.

७. घोंगडीच्या तुकड्याच्या लहान चकत्या कापून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी घाला. बासरी लाकडावर न आपटता लोकरीवर टेकते. चकतीला समोरासमोर दोन खाचा ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि आतलं पाणी निथळेल. खालच्या पट्ट्यांनाही घोंगडी चिकटवा. फरशीवर स्टँड सरकत नाही.

८. शेवटी सगळ्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसून घ्या. आठ दिवसांनी दुसरा हात. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, तसं शेंगदाण्याचं होत नाही. ते चिकट राहतं आणि धूळ धरतं.

इथे एक धोक्याची सूचना. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता बाहेर पडते. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. कडब्याच्या गंजीजवळ असं फडकं टाकलं तर काय होईल, ते तुम्हाला सांगायला नको. फडकं बाहेर दोरीवर मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

तोल कसा तपासाल?

स्टँड झाला म्हणजे लगेच बासऱ्या ठेवू नका. आधी परीक्षा घ्या. बासऱ्यांच्या जागी त्याच लांबीची कळकाची कांडकी खुंट्यांवर चढवा. आठ इंची बाजूची एक कड दोन इंच उचला आणि सोडून द्या. स्टँड जागेवर बसला पाहिजे, उलटता कामा नये. उलटला तर पाया हलका आहे किंवा अरुंद आहे.

यामागे हिशेब आहे. समजा पाया दीड किलोचा आणि चार बासऱ्या मिळून तीनशे ग्रॅम. वजन खालीच एकवटलेलं असल्याने सगळ्याचा तोल जमिनीपासून तीन-चार इंचांवर राहतो. पण पाया पातळ फळीचा, दोनशे ग्रॅमचा केलात, तर तोल वर चढतो आणि कोंबडीचा धक्काही पुरतो. कडबा भरलेली गाडी उतारावर का कलंडते आणि मातीने भरलेली तेवढी का कलंडत नाही, हे ज्याने पाहिलं त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. साधा नियम लक्षात ठेवा: पाया बासरीच्या उंचीच्या निदान एकतृतीयांश रुंद असावा आणि सगळ्या बासऱ्यांच्या एकत्र वजनापेक्षा जड असावा. सगळ्यात उंच बासऱ्या मधल्या दोन खुंट्यांवर ठेवा.

सारवलेली जमीन उंच-सखल असेल तर चार टेकूंचा स्टँड डुगडुगतो. तिथे एका टोकाची पट्टी पूर्ण ठेवा आणि दुसऱ्या टोकाला दोन्ही तुकड्यांना जोडणारी पट्टी घालून तिच्या मधोमध एकच टेकू द्या. तिवई कधी डुगडुगत नाही. मात्र एकेरी टेकूची बाजू भिंतीकडे करा.

लांब बासरीला भिंतच बरी

दोन फुटांहून लांब बासरी खुंटीवर उभी करू नये. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बत्तीस इंचांच्या आसपासची लांब बासरी मैफलीत आणली आणि गुराख्याच्या या वाद्याला शास्त्रीय संगीतात मानाचं स्थान मिळालं. आज शिकणारी मुलंही पुढे लांब बासरीकडे वळतात. ही बासरी उंचच उंच, आणि वर हलक्या भिंतीची. तिला भिंतीवर आडवी ठेवा.

त्यासाठी दोन फूट लांब, चार इंच रुंद फळी घ्या. दोन्ही टोकांपासून सहा-सहा इंचांवर एकेक लाकडी हात बसवा. हाताला वरून अर्धगोल खाच पाडा आणि तिच्यात घोंगडी किंवा जुन्या धोतराची घडी चिकटवा. हाताचं टोक थोडं वर वळलेलं ठेवा म्हणजे बासरी पुढे घरंगळत नाही. फळी मातीच्या भिंतीत खिळ्याने ठोकू नका. पावसाळ्यात भिंत सुटली की खिळा सुटतो. लाकडी खांबाला किंवा तुळईला स्क्रूने पक्की करा. पक्क्या भिंतीत गट्टू बसवून स्क्रू मारा. मुलांच्या हाताला येईल पण मांजराच्या उडीत येणार नाही, एवढी उंची ठेवा. आडव्या बासरीच्या दोन्ही टोकांना सुती कापडाची टोपी घाला. कुंभारमाशीची वाट बंद होते आणि हवाही खेळते.

पालघरकडच्या वारली बांधवांचा तारपा भोपळ्याचा असतो. त्याला ना खुंटी चालते ना फळी. तो रुंद कापडी पट्ट्याने टांगूनच ठेवावा आणि भोपळ्यावर भार येऊ देऊ नये.

बासरी उभी करताना दिशा लक्षात घ्या. आडवी धरून वाजवायच्या बासरीचं बंद टोक वर, उघडं टोक खाली खुंटीवर. सरळ तोंडात धरायच्या पाव्याचं, अलगुजाचं तोंड वर. त्याच्या तोंडात लाकडाचा गट्टू असतो. तो खाली गेला तर ओल त्यातच साठते, गट्टू फुगतो आणि पावा मुका होतो. ठेवण्याआधी कामटीला मऊ फडकं गुंडाळून आतून पुसून घ्या. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी, आतून जवसाच्या तेलाचे चार थेंब फडक्याने फिरवा. पाव्याच्या गट्टूला मात्र तेल लावू नका, फुंकेची वाट बुजते.

एका ताईंच्या घरची गोष्ट

आता सांगतो, हे सगळं आज का लिहायला बसलो ते.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावी खरिपाची सभा होती. सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक झालं. लोक पांगले. एक ताई मागे थांबल्या. पदराखालून फडक्यात गुंडाळलेला पावा काढला. म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही किडीचं सांगता. ह्याला कोणती कीड लागली तेवढं बघा.”

पावा त्यांच्या मालकांचा होता. मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते. पावा आढ्याला खोचलेला होता, तसाच राहिला होता. थोरली मुलगी सातवीत होती. तिला तो वाजवायचा होता. काढायला गेली तर हातावर भुकटी आली. तिने घाबरून आईला हाक मारली. ताई म्हणाल्या, “फवारणीचं औषध लावू का? घरात अर्धी बाटली आहे.”

माझ्या अंगावर काटा आला. बंधू-भगिनींनो, हे कान देऊन ऐका. जी वस्तू तोंडाला लागते तिला पिकावरचं कीटकनाशक कधीही, कोणत्याही प्रमाणात लावायचं नाही. धान्यात ठेवायच्या गोळ्याही नाहीत. ते विष बांबूत मुरतं आणि धुऊन निघत नाही. लेकराने पहिली फुंक मारली की ते ओठाला लागणार.

मग करायचं काय? कीड थंडीने मारायची. मी पावा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आतली हवा काढून, घट्ट बांधला. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात पुरेशी थंडी नसते. तालुक्याच्या गावी आइस्क्रीमचा दुकानदार ओळखीचा होता. त्याच्या मोठ्या फ्रीजरमध्ये उणे अठरा अंशांवर पावा दोन आठवडे ठेवला. त्या भल्या माणसाने एका शब्दानेही कटकट केली नाही. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडली नाही. लगेच उघडली तर हवेतली ओल थंड बांबूवर बसते. नंतर मऊ ब्रशने भुकटी झाडली आणि भोकात मेण भरलं. आरपार गेलेलं एक भोक होतं, तिथून हवा जात होती. तेही मेणाने बुजलं.

त्यांच्या घरी पावा घेऊन गेलो तेव्हा ठेवायची जागा विचारली. ताईंनी आढ्याकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, “ताई, परत तिथे नको.” गोठा रिकामा होता, बैल विकलेले होते. कोपऱ्यात जू पडलं होतं. मी त्याकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्याच म्हणाल्या, “कापा. नुसतं पडून वाळवीच खाईल त्याला.”

वर जी कृती सांगितली तो स्टँड त्या जुवाचा आहे. खुंटी त्याच्या शिवळीची आहे. मुलीने काचपेपर घासला, धाकट्याने घोंगडीच्या चकत्या कापल्या. चार खुंट्यांच्या स्टँडवर पावा एकच होता. “बाकीच्या तीन कशाला?” असं धाकट्याने विचारलं. त्याची बहीण म्हणाली, “असू दे. येतील.”

गेल्या दिवाळीनंतर त्या गावावरून गेलो. आता दोन खुंट्या भरल्या आहेत. पाव्याचा आवाज पूर्वीइतका भरीव नाही, मेण भरलेल्या ठिकाणी जरा घोगरा येतो. पण येतो.

बांधावरच्या बांबूचा विचार करा

मुलांना शिकायला नवा पावा करायचा किंवा बांबूचाच स्टँड करायचा, तर बांबू केव्हा आणि कसा तोडायचा तेही सांगतो. पावसाळ्यात कोवळा बांबू तोडू नका. पावसाळा संपल्यावर, थंडीत, तीन वर्षांचा पक्व बांबू तोडा. नंतर तो वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा, पिष्ट निघून जातं. मग सावलीत उभा करून दोन-तीन महिने वाळवा.

नुसत्या स्टँडसाठी बांबू वापरत असाल तर त्याला बोरॅक्सची प्रक्रिया करता येते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम बोरॅक्स आणि दोनशे ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात चिरलेला बांबू आठवडाभर बुडवावा. हे द्रावण मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवा आणि बासरीला मात्र लावू नका.

खाजगी जमिनीवरचा बांबू तोडण्याविषयी अजूनही काहीजण बिचकतात. २०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. तुमच्या बांधावरचं बेट हे आता तुमचं पीक आहे. त्यातल्या एका काठीचा पावा झाला तर ती काठी वाया गेली असं समजू नका.

या रविवारी एवढं करा. घरात बासरी असेल तर ती जिथे आहे तिथून काढा. उजेडात धरून भुकटी आहे का पाहा, चीर आहे का पाहा, आतून पुसा. मग गोठ्यामागे जाऊन लाकूड शोधा आणि मुलांना बरोबर घ्या. भोकं सुतारमामा पाडतील, घासायचं काम मुलांचं. जो पोरगा स्वतः खुंटी घासतो तो बासरी कोपऱ्यात टेकवून ठेवत नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

माझ्या घरी बैठकीच्या खोलीत असाच एक स्टँड आहे. त्याच्या पहिल्या खुंटीवर दोऱ्याने गुंडाळलेली, मेणाने भरलेली एक चिरलेली बासरी उभी आहे. ती वाजत नाही. शेजारच्या खुंटीवरची वाजते.